आप्त आणि आप्तवाक्य

मराठींत 'आप्त' हा शब्द आपण नातलग या अर्थानें वापरतों. लग्नपत्रिकेंत आप्तेष्टांना निमंत्रण असतें, आजारपणांत आप्त धांवून येतात, आणि इस्टेटीच्या वांटणींत प्रसंगीं तेच आप्त कोर्टांत समोरासमोर उभे राहतात. न्यायशास्त्रांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा व पुष्कळच कडक आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकीं 'शब्द' म्हणजे कोणाचाही शब्द नव्हे. तो आप्ताचा असावा लागतो. आप्त कोणास म्हणावें, याचा खुलासा वात्स्यायनांनीं आपल्या भाष्यांत केला आहे. ज्याला त्या वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जसें जाणलें तसेंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही कसोटी ऋषि, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असेंही भाष्यकारांचें मत आहे. म्हणजे आप्तपणा जन्मानें, नात्यानें किंवा मानमरातबानें मिळत नाहीं. तो त्या त्या विषयापुरता ज्ञानानें आणि सचोटीनें मिळवावा लागतो.

हा शास्त्रार्थ आज काढण्याचें कारण असें कीं, या दोन अर्थांची गल्लत आपल्या घराघरांतून रोज होऊं लागली आहे. सकाळीं मोबाइल हातांत घ्यावा, तों कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहावीस मजकूर येऊन पडलेले असतात. एखादा मावशींनीं पाठविलेला असतो, एखादा बँकेंतून निवृत्त झालेल्या काकांनीं. पाठविणारीं माणसें खात्रीचीं, म्हणून मजकूरही खात्रीचा, असें मन नकळत ठरवून टाकतें. परंतु मावशींना ती गोष्ट कोणीं सांगितली? त्यांच्या भिशीच्या मैत्रिणीनें. तिला? तिच्या भाच्यानें. आणि त्याला? येथें साखळी तुटते. मूळ सांगणारा कोण, त्यानें स्वतः पाहिलें काय, सांगण्यांत त्याचा हेतु काय, यांपैकीं कशाचाच पत्ता लागत नाहीं. मावशी आपल्या आप्त आहेत यांत शंका नाहीं. पण त्या मजकुरापुरत्या त्या केवळ टपाल पोंचविणाऱ्या आहेत. पोस्टमनची सचोटी ही पाकिटांतील मजकुराच्या खरेपणाची साक्ष होऊं शकत नाहीं. इंटरनेटवरील मजकूर पारखण्याच्या प्रश्नाचें मर्म आमच्या मतें एवढ्यांतच आहे: आणणारा आणि जाणणारा हे दोघे निराळे असतात, आणि परीक्षा जाणणाऱ्याची करावयाची असते.

रैनपाडा येथील पांच जण

हा केवळ पांडित्याचा विषय नव्हे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत रैनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पांच पुरुष भिक्षेच्या निमित्तानें तेथें आले होते. मुलें पळविणारी टोळी या भागांत फिरत आहे, अशा आशयाचे मजकूर त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र पसरलेले होते. संशय येण्यास क्षण पुरला. जमावानें त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि तेथें त्या पांचही जणांचा प्राण गेला. ते कोणाचेंही मूल पळवावयास आलेले नव्हते.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असें तींत दिसे. हें दृश्य कराचींतील एका संस्थेनें पालकांना सावध करण्यासाठीं तयार केलेल्या जाहिरातींतील होतें. मूळ फितींत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी तेवढा शेवट कापून टाकला, आणि सावधगिरीच्या उपदेशाचा गुन्ह्याचा पुरावा बनला. "आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें" असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. डोळ्यांनीं कांहीं चूक केली नव्हती. पण दृश्याचें स्थळ, काळ आणि शेवट हीं तिन्ही गाळलेलीं होतीं.

त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें पुढें पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं मजकूर पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येतो. अशा मजकुरावर दोन बाणांची खूण असते. ती पुष्कळांना लोकप्रियतेचें प्रशस्तिपत्र वाटते. वास्तविक ती इतकेंच सांगते कीं, हा मजकूर मूळ लेखकापासून निदान पांच हात दूर आलेला आहे. खूण सावधगिरीची आहे, शिफारशीची नव्हे.

विद्येचें कवच पुरतें काय?

हें खेड्यांतील जमावाचें दुर्दैव आहे, सुशिक्षितांस त्याची बाधा होत नाहीं, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. त्यांनीं डॉक्टरेट मिळविलेले १० इतिहासज्ञ, त्याच विद्यापीठाचे २५ विद्यार्थी आणि वृत्तांची शहानिशा करण्याचा व्यवसाय असलेले १० जण निवडले व त्यांस कांहीं संकेतस्थळें पारखावयास दिलीं. इतिहासज्ञ म्हणजे कागदपत्रांची छाननी करण्यांत मुरलेले लोक. तरी त्यांपैकीं अनेक जण आणि बहुतेक विद्यार्थी संस्थेचें भारदस्त नांव, सुबक बोधचिन्ह आणि विद्वत्ताप्रचुर भाषा यांना भुलले. ते समोरचें पान वरून खालीं मन लावून वाचीत राहिले. शहानिशा करणारांनीं मात्र तें पान जवळजवळ वाचलेंच नाहीं. क्षणभर नजर टाकून ते तेथून बाहेर पडले, आणि ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण देतें, तिच्याविषयीं इतर काय म्हणतात, याचा त्यांनीं दुसरीकडे शोध घेतला. थोड्या वेळांत अधिक अचूक निर्णय त्यांचाच झाला. याचा बोध सरळ आहे. स्थळ आलें म्हणजे आपण मुलाकडच्या मंडळींनीं दिलेली माहितीच पुन्हा पुन्हा वाचीत बसत नाहीं. चार ठिकाणीं चौकशी करतों. वाचनाच्या बाबतींत हा साधा व्यवहार आपण सोडून देतों.

सुशिक्षितांना भुरळ घालणारा मजकूर बहुधा भीतीचा नसतो. तो अभिमानाचा असतो. 'नासा'नें संस्कृतला संगणकासाठीं सर्वोत्तम भाषा ठरविलें आहे, हा मजकूर न वाचलेलें घर आपल्याकडे विरळाच. त्याच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे. रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख १९८५ मध्यें 'एआय मॅगझीन' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज तेव्हां नासाच्या एम्स संशोधनकेंद्राशीं संलग्न अशा संस्थेंत होते. संगणकाला ज्ञान समजावें म्हणून तें ज्या रीतीनें मांडावें लागतें, तिच्याशीं संस्कृत वैयाकरणांच्या वाक्यार्थ फोडून दाखविण्याच्या पद्धतीचें लक्षणीय साम्य आहे, हें त्यांनीं त्या लेखांत दाखविलें. लेख एका संशोधकाचा होता. तो नासाचा ठराव नव्हता. परंतु प्रवासांत साम्याचें श्रेष्ठत्व झालें, एका संशोधकाची संस्था झाली, आणि शेवटीं नासा संस्कृतमध्यें आज्ञावली लिहीत आहे, येथवर मजल गेली. सुमारें ४००० सूत्रांत एका भाषेचें व्याकरण बसविणाऱ्या पाणिनीला या उसन्या प्रशस्तिपत्राची गरज नाहीं. ज्याला ही गोष्ट पाठवावीशी वाटते, त्यानें त्या सूत्रांपैकीं पांच जरी समजून घेतलीं, तरी संस्कृतची अधिक सेवा होईल.

अशा मजकुराला पाय फुटतात कसे, याचेंही मोजमाप झालेलें आहे. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या तिघा संशोधकांनीं २००६ ते २०१७ या काळांत ट्विटरवर पसरलेल्या सुमारें १,२६,००० वार्तांचा माग काढला व आपले निष्कर्ष मार्च २०१८ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. खोटी वार्ता पुढें पाठविली जाण्याचा संभव खऱ्या वार्तेपेक्षां ७० टक्के अधिक आढळला. १५०० लोकांपर्यंत पोंचावयास खऱ्या वार्तेस खोटीच्या सुमारें सहापट वेळ लागला. आणि हें काम मुख्यत्वें यंत्रांचें नव्हतें, माणसांचें होतें. खोट्यांत नाविन्य असतें, खरें पुष्कळदां ऐकल्यासारखें वाटतें, हेंच त्याचें कारण त्या संशोधकांना दिसलें.

हळद आणि विलंब

प्रकृतीच्या बाबतींत हा प्रश्न थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें एका माजी क्रिकेटपटूनें आपल्या पत्नीचा कर्करोग आहारनियम, हळद, कडुनिंब इत्यादींनीं हटला, असें जाहीरपणें सांगितलें, आणि त्या भाषणाची चित्रफीत हां हां म्हणतां देशभर गेली. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजीमाजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनीं सहीनिशीं निवेदन काढलें. या पदार्थांपैकीं कांहींवर संशोधन चालूं आहे. परंतु कर्करोगावरील उपाय म्हणून त्यांची शिफारस करावी असा पुरावा आज उपलब्ध नाहीं, आणि असिद्ध उपायांच्या नादानें उपचार लांबवूं नयेत, असें त्यांनीं कळकळीनें सांगितलें.

येथें न्यायशास्त्राची कसोटी लावून पाहावी. त्या गृहस्थांचा हेतु वाईट होता, असें आम्ही म्हणत नाहीं. पत्नी बरी झाली हें त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होतें. कशामुळें बरी झाली, याचें ज्ञान मात्र निराळें असतें. त्यासाठीं शेंकडों रोग्यांची तुलना करावी लागते. म्हणून पहिल्या गोष्टीपुरते ते आप्त आहेत, दुसरीपुरते नाहींत. हळदीचें दूध घेण्यास कोणाची ना नाहीं. धोका हळदींत नाहीं, तो विलंबांत आहे. छातींतील गांठ दाखवावयास गेलेली बाई अशा एका मजकुरामुळें तीन महिने घरीं थांबली, तर त्या तीन महिन्यांची भरपाई कोणताही मजकूर पाठविणारा करूं शकत नाहीं.

तोतये

मराठी माणसाला तोतया हा शब्द नवा नाहीं. १७६१ मध्यें पानिपतच्या रणांत सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पुढें कांहीं वर्षांनीं भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक इसम उभा राहिला. १७७६ मध्यें त्यानें कोकणांत बंड माजविलें, पुष्कळ लोक त्याला जाऊन मिळाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्त शासन झालें. न. चिं. केळकरांचें 'तोतयाचें बंड' हें नाटक याच प्रसंगावर आहे. या तोतयाचें बळ त्याच्या चेहऱ्यांत होतें त्याहून अधिक लोकांच्या इच्छेंत होतें; भाऊसाहेब जिवंत असावेत, असें त्यांना मनापासून वाटत होतें.

आजचे तोतये यंत्रावर तयार होतात. जानेवारी २०२४ मध्यें सचिन तेंडुलकर एका खेळाच्या अ‍ॅपची शिफारस करीत आहेत अशी चित्रफीत पसरली. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांचाच. पण ती बनावट असल्याचें त्यांनीं स्वतः जाहीर केलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें राष्ट्रीय शेअर बाजाराला असाच खुलासा करावा लागला. त्याच्या मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडीं शेअरखरेदीचे सल्ले घातलेल्या चित्रफिती फिरत होत्या. चेहरा आणि आवाज हीं ओळखीचीं साधनें म्हणून आतां पुरेशीं नाहींत. पैशाचा सल्ला देणारा कितीही परिचित दिसला, तरी तो खरोखर बोलला काय, हें त्याच्या किंवा त्याच्या संस्थेच्या स्वतःच्या ठिकाणीं जाऊन पाहावें. आणि परगांवच्या नातवाच्या आवाजांत पैशाची निकड सांगणारा फोन आला, तर तो ठेवून नातवाच्या नेहमींच्या नंबरावर आपण उलट फोन करावा.

याहून क्रूर तोतया गणवेशांत येतो. "तुमच्या नांवें गुन्हा आहे, तुम्हांस डिजिटल अटक केली आहे, कोणाशीं बोलूं नका," असें व्हिडिओवर दरडावून तासन्‌तास बसवून ठेवायचें आणि जन्माची पुंजी दुसऱ्या खात्यांत वळवून घ्यायची, ही ती रीत. एकटे राहणारे वृद्ध तिला बळी पडले आहेत. भारतीय कायद्यांत 'डिजिटल अटक' अशी गोष्टच नाहीं, हें सरकारनें वारंवार सांगितलें आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच अधिक असतो. तसेंच यूपीआयनें पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. ज्याअर्थीं तो मागितला जातो, त्याअर्थीं पैसे जाणार आहेत.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. तेथें आरंभीं कोणाचेंही नांव घालतां येतें. माणसाचें कुळ जसें आडनांवावरून, तसें स्थळाचें कुळ पत्त्यांतील नांवाच्या शेवटावरून ओळखावें. रिझर्व्ह बँकेनें बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलीं स्थळें 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखालीं आणण्यास सांगितलें, तें याचसाठीं. पत्त्याशेजारीं दिसणाऱ्या कुलपावर मात्र विसंबूं नये. कुलपाचा अर्थ पत्र वाटेंत कोणी फोडलें नाहीं एवढाच; लिहिणारा सज्जन आहे, असा नव्हे. लोक हा भेद विसरतात, हें पाहून क्रोम या ब्राउझरनें २०२३ मध्यें तें चिन्ह बदलून टाकलें.

यंत्राची साक्ष

अलीकडे शंका आली कीं कृत्रिम बुद्धीच्या यंत्रालाच विचारण्याची प्रथा पडत आहे. यंत्र उपयोगी आहे, पण त्याचें उत्तर ओघवतें असतें, म्हणून तें खरें असतेंच असें नाहीं. न्यूयॉर्क येथें एका वकिलानें अशा यंत्राकडून मिळालेले निवाडे न्यायालयांत सादर केले. त्यांपैकीं सहा निवाडे अस्तित्वांतच नव्हते. हे खरे आहेत ना, असें त्यानें विचारलें होतें. पण तें त्याच यंत्राला, आणि यंत्रानें होकार दिला होता. जून २०२३ मध्यें न्यायाधीशांनीं ५००० डॉलर दंड ठोठावला. साक्षीदाराच्या सत्यतेबद्दल त्याच साक्षीदाराची साक्ष काढावयाची नसते, हा नियम यंत्रालाही लागू आहे. यंत्रानें सांगितलेला मूळ ग्रंथ, निवाडा किंवा लेख आपण उघडून पाहावा. तो सांपडला नाहीं, तर उत्तर बाजूस ठेवावें.

घरांतील शिस्त

मग करावें काय? मजकूर वाचतांना अतिशय संताप, भीति किंवा अभिमान दाटून आला, तर प्रथम थांबावें. तो मजकूर आपल्या बुद्धीशीं बोलत नसून मनाच्या दुखऱ्या किंवा हळव्या जागीं हात घालीत आहे. नंतर चार प्रश्न विचारावेत. हें मुळांत कोणीं सांगितलें, आणि त्याला तें कशावरून ठाऊक? सांगण्यांत त्याचा लाभ काय? परस्परांची नक्कल न करणारे आणखी दोघे तेंच सांगतात काय? आणि चित्राचें स्थळ, काळ व शेवट शाबूत आहे काय? चित्र जुनें कीं नवें, हें गूगल लेन्सनें बहुधा मिनिटभरांत कळतें. केंद्रसरकारच्या निर्णयांबद्दल पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग खुलासे देतो; 'बूम' आणि 'अल्ट न्यूज' यांसारख्या संस्था इतर दावे तपासतात. उत्तर न मिळाल्यास आपण मजकूर पुढें न पाठविल्यानें जगाचें कांहीं अडत नाहीं.

कठीण प्रश्न दुसराच आहे, आणि तो नात्याचा आहे. आजोबांनीं पाठविलेला मजकूर खोटा आहे, हें नातीला कळतें. पण सांगावें कसें? पुष्कळ घरांतून यावर मौन हाच तोडगा निघालेला आहे, आणि त्या मौनांत खोटें बिनविरोध पसरतें. आमची सूचना अशी कीं, तरुणांनीं थोरांना ग्रुपवर चारचौघांत खोडून काढूं नये. त्यांच्याजवळ बसून, किंवा फोन करून, मूळ पुरावा दाखवावा. थोरांनींही तो उपमर्द मानूं नये. नातीच्या सांगण्यावरून ज्या आजोबांनीं ग्रुपवर "मघांचा मजकूर चुकीचा होता, कोणी पुढें पाठवूं नये" असें लिहिलें, त्यांचा मान घरांत कमी होत नाहीं. उलट त्यांच्या पुढच्या शब्दाला वजन येतें.

कांहीं लोक याच्या उलट टोकास जातात. सगळेंच खोटें, कोणावरच विश्वास नाहीं, अशी त्यांची वृत्ति होते, आणि मग वादळाची खरी सूचना किंवा डॉक्टरांचा खरा सल्लाही ते उडवून लावतात. ही चिकित्सा नव्हे. हा आळस आहे. सर्व खरें मानणारा आणि सर्व खोटें मानणारा, दोघेही चौकशीचे श्रम टाळतात. न्यायशास्त्रानें शब्द हें प्रमाण टाकून दिलें नाहीं. कारण दुसऱ्याच्या शब्दावांचून जगाचा व्यवहार एक दिवसही चालणार नाहीं. त्यानें फक्त आप्त पारखून घ्यावयास सांगितलें.

पूर्वीं वार्ता छापणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ होते. छापणाऱ्याचें नांव खालीं असे आणि त्याला जाब विचारतां येत असे. आज प्रत्येक गृहस्थ व प्रत्येक गृहिणी अंगठ्याच्या एका स्पर्शानें प्रकाशक होते, परंतु खालीं नांव घालण्याची जबाबदारी कोणी घेत नाहीं. रैनपाड्याला त्या दिवशीं जमाव मोठा होता. पण त्याच्या हातीं तो संशय देणारे लोक त्याहून कितीतरी अधिक होते. ते आपापल्या घरीं होते, आणि "काळजीपोटीं पाठवीत आहें" अशाच भावनेनें त्यांच्यापैकीं अनेकांनीं मजकूर पाठविला असेल. आमच्या वाचकांस आमची विनंती इतकीच आहे कीं, पुढें पाठविण्यापूर्वीं त्या मजकुराखालीं आपलें पूर्ण नांव लिहिलें आहे, अशी कल्पना करावी. सही करण्यास हात कचरला, तर तो मजकूर आपल्याच मोबाइलवर संपूं द्यावा.